तिसऱ्यांदा गेलेला गिअरबॉक्स

सकाळी ६.४५

मागाठाण्याहून मेट्रोने गुंदवली, तिथून पुलावरून पहिल्या मेट्रोत, आणि मग मरोळ नाका. सात वाजायच्या आत मी गॅरेजचं शटर वर करतो. आज जरा आधीच आलो, कारण पांढरी सेडान रात्रभर थंड होत उभी आहे आणि तिचं पहिलं स्टार्टिंग मला एकट्याला, गोंगाट सुरू व्हायच्या आत बघायचं आहे.

टर्बो पेट्रोल गाडी, ऑटोमॅटिक, सात गिअर, दोन क्लच. काल संध्याकाळी टोइंगच्या गाडीवरून उतरली. मालक मुलुंडचा तरुण, नोकरी पवईला. आल्या आल्या एवढंच म्हणाला, "काका, परत लागला." त्याआधी दुसऱ्या ठिकाणी दोनदा गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक बदलून झालेलं. मेकॅट्रॉनिक म्हणजे गिअरबॉक्सच्या अंगावर बसवलेला डबा. त्यात त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर, तेलाचा पंप, व्हॉल्व्ह आणि प्रेशर साठवणारी टाकी असते. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं जे काम आपण पायाने आणि हाताने करतो, ते हा डबा करतो. किंमत लाखाच्या पुढे. कुठलीही दुरुस्ती तिसऱ्यांदा करायची वेळ आली, तर आधीच्या दोन दुरुस्त्यांनी नेमकं काय बरं केलं हे आधी तपासावं लागतं.

ड्रायव्हरचं दार उघडलं. पंप गुणगुणला आणि थांबला. प्रेशर भरायला त्याला लागलेला वेळ ठीक होता, म्हणजे थंडीत डबा निरोगी आहे. बॅटरी १२.५ व्होल्ट. सेल्फ मारला, इंजिन झटकन चालू. बॅटरीच्या टर्मिनलवर आता १४.१. स्कॅनरवर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर स्वतःला किती व्होल्ट मिळतात म्हणून सांगतो, ते पाहिलं: १३.४. पंप पुन्हा चालू झाला की त्याहून खाली.

हा फरक लिहून ठेवला आणि इंजिन बंद केलं. अजून काही ठरवायचं नाही.

७.३०

आता कोड वाचायचे. मुख्य कोड तोच, जो याआधी दोन्ही वेळा आला असणार: पंप ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चालला. आमच्या धंद्यात हा कोड दिसला की लगेच म्हणतात, "मेकॅट्रॉनिक गेला." पण कोडने तसं कुठे सांगितलं आहे? पंप जास्त वेळ चालला, एवढंच तो म्हणतो. पंपाने चाळीस ते साठ बारच्या दरम्यान प्रेशर ठेवायचं असतं. ते ठेवायला त्याला उशीर का झाला, याची कारणं अनेक. टाकीच्या आट्यांपाशी केसिंगला तडा गेला असेल, आणि या प्रकारच्या डब्यांत तो खरोखर जातो. आतला व्हॉल्व्ह गळत असेल. मोटर थकली असेल. किंवा मोटर धडधाकट असून तिला पुरेसे व्होल्टच मिळत नसतील. पहिल्या तिन्ही कारणांत डबा बदलून गाडी बरी होते. चौथ्यात नवा डबाही काही महिन्यांनी त्याच वाटेने जातो.

प्रत्येक कोडमागे कॉम्प्युटर त्या क्षणाची नोंद ठेवतो: किलोमीटर, स्पीड, तापमान, व्होल्टेज. ही नोंद वाचायला दहा मिनिटं लागतात, आणि ही दहा मिनिटं फार थोडे लोक देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ग्राहकाचे लाख रुपये त्या दहा मिनिटांत वाचू शकतात. इथल्या नोंदी एकमेकींशी जुळणाऱ्या होत्या. स्पीड शून्य ते दहा, इंजिन पूर्ण तापलेलं, आणि गिअरबॉक्सकडे व्होल्टेज ११ च्या आतबाहेर. इंजिन चालू असताना ११ व्होल्ट हा आकडा कुठल्याही धडधाकट गाडीत दिसायला नको.

८.३०

मालकाने बिलांची फाइल ठेवली आहे, हे फार चांगलं केलं. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर मी गाडीचा इतिहास मांडतो. वर किलोमीटर, खाली काय झालं. बॅटरी बदलली. त्यानंतर काही महिन्यांनी पहिलं मेकॅट्रॉनिक. पाठोपाठ टायर, ब्रेक पॅड. मग दुसरं मेकॅट्रॉनिक. दोन्ही बिलांवर तक्रारीच्या रकान्यात एकच ओळ: गिअरबॉक्स प्रॉब्लेम.

काल मालकाने मात्र मला दोन तक्रारी सांगितल्या होत्या, आणि तो त्या एका दमात सांगत होता. एक, संध्याकाळी अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये गेला की डिस्प्लेवर डी लुकलुकतो, गाडी जागेवरून हलत नाही, आणि दहा मिनिटं बंद ठेवली की परत चालते. दोन, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरते. पहिली तक्रार येते-जाते, दुसरी वाढत वाढत गेलेली. माझ्या मते हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्ही वेळा त्यांना एकच औषध दिलं गेलं.

९.१५

पोरं आली, चहा आला, रस्ता भरला. मरोळ-मरोशीकडून हॉर्न सुरू झाले. दोन सर्व्हिसिंग, एक एसी. एक टॅक्सीवाला दादा एएमटी गाडी घेऊन आला, गिअर अडकतो म्हणाला. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच क्लच, फक्त तो दाबायला माणसाच्या जागी यंत्र. भारतात २०१४ मध्ये सेलेरिओमधून ती पहिल्यांदा सर्वसामान्यांच्या हाती आली आणि उपनगरातल्या टॅक्सीवाल्यांचे गुडघे वाचले. त्याच्या गाडीचं क्लचचं सेटिंग पुन्हा करून दिलं, तासात मोकळा.

१०.१५

सेडान लिफ्टवर घेतली. बरोबर दोन पोरं, त्यांतला एक आयटीआयमधून नुकताच आलेला. त्याच्या हातात मल्टिमीटर दिला, कारण हे काम बघून येत नाही, करून येतं.

गिअरबॉक्सच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची वायर कुठली ते वायरिंगच्या नकाशावरून काढलं. प्लग न काढता, मागच्या बाजूने बारीक सुई घालून तिला मीटरची एक तार लावली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. मग इंजिन चालू केलं आणि पंपाची वाट पाहिली. या दोन जागा तारेने जोडलेल्या आहेत, दोन्ही निगेटिव्हच. त्यांच्यात फरक जवळजवळ शून्य हवा. पंप चालू असताना ०.२ व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. मीटर म्हणाला ०.९.

"काका, पण सेल्फ तर एकदम मस्त घेते," पोरगा म्हणाला. प्रश्न अगदी योग्य आहे, आणि आधीच्या दोन ठिकाणी याच गोष्टीने सगळ्यांना फसवलं असणार. सेल्फची अर्थिंग इंजिनवरून जाड पट्टीने येते. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची आणि पंपाची अर्थिंग वेगळ्या वायरने, बॉडीवरच्या वेगळ्या बोल्टवर जाते. सेल्फ जोरात फिरला म्हणून दुसरी वायर ठीक आहे असं होत नाही. ओहममीटर लावला असता तर त्यानेही ही वायर पासच केली असती, कारण तो नगण्य करंट सोडून मोजतो. वायरीतून पंपाचा खरा भार वाहत असतानाच हा दोष दिसतो.

बॅटरी काढली, खालचा ट्रे काढला. ट्रेखाली तो बोल्ट. नट मी बोटांनी फिरवला. थिंबलच्या खाली पांढरट हिरवा थर, एका बाजूला बॉडीचा रंग तसाच. बॅटरी बदलताना कुणीतरी ट्रे सोडवला असेल, बोल्ट सैल केला असेल आणि परत नुसता हाताने आवळून दिला असेल. त्यानंतरच्या पावसाळ्यांनी आणि आपल्या खाऱ्या हवेने बाकीचं काम केलं.

साफ करायच्या आधी एक गोष्ट पोरांना दाखवायची होती. सगळं परत जोडून, पंप चालू असताना त्या बोल्टवर हॉट एअर गन धरली. मीटर ०.९ वरून वर सरकत १.६ ला गेला. थंड गाडीत दोष लपतो आणि तापल्या गाडीत उघडा पडतो, त्याचा पुरावा समोर होता. बॉनेटखाली अर्धा-पाऊण तास उष्णता साठली, एसीचा पंखा आणि हेडलाइट चालू, इंजिन आयडलिंगला, अल्टरनेटर जेमतेम पुरवतोय, त्यात या सांध्यावर दीड-दोन व्होल्ट गळाले की पंपाकडे ११ उरतात. पंप हळू फिरतो, प्रेशर भरायला वेळ लावतो, जास्त तापतो, आणि कॉम्प्युटर त्याला वाचवायला बंद करतो. दहा मिनिटांनी सगळं थंड झालं की गाडी परत चालते. असं काही महिने चाललं की मोटर खरोखर मरते. मग डबा बदलतात. नवी मोटर ताकदीची असते, म्हणून काही महिने तग धरते.

अर्थिंगकडे आधी बघायची माझी सवय २००५ ची. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुर्ला-कलिना-साकीनाका पाण्याखाली गेलं. त्या गाड्या त्या आठवड्यात आल्या, धुऊन-सुकवून गेल्या, आणि पुढची दोन-तीन वर्षं चित्रविचित्र तक्रारी घेऊन परत येत राहिल्या. कुणाचा इंडिकेटर लावला की वायपर हले, कुणाचा कॉम्प्युटर मधूनच झोपे. बहुतेकांचं मूळ कुठल्या तरी सीटखालच्या किंवा बॅटरीखालच्या एका गंजलेल्या बोल्टमध्ये निघायचं.

बोल्ट वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने पांढरा स्वच्छ केला, रंग खरवडला, वायर जिथपर्यंत काळी पडली होती तिथपर्यंत कापली, नवं थिंबल प्रेस करून बसवलं, टॉर्कने आवळलं, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं: ०.०६. हॉट एअर गन धरूनही ०.०७.

११.४५

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून पार्टवाल्याचा फोन. काल टोइंगवाल्याकडून त्याला बातमी लागली असावी. "भाऊ, एक पीस आलाय, ॲक्सिडेंटच्या गाडीचा, चालू कंडिशन, निम्म्या भावात घेऊन जा." मी नको म्हणालो. त्याच्याकडून मी दारं, दिवे, बंपर कायम घेतो आणि माल चांगला असतो. पण तडजोड म्हणून गिअरबॉक्सचा डबा घेणं हे ग्राहकाच्या पैशाने जुगार खेळणं आहे. ज्या डब्याच्या केसिंगला तडा गेला आहे त्याला मजबूत केसिंगचे किट मिळतात आणि ते नीट बसवणारे कारागीर मुंबईत आहेत. त्यांचा मी आदर करतो. पण या गाडीत तडा नाही. प्रेशर धरून राहतं आहे, मघाशी पाऊण तास पाहिलं.

दुपारी १२.१५

ट्रायल. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी डावीकडे बसलो, मोठा मिस्त्री गाडीवर. मरोळ-मरोशीवरून जेव्हीएलआर, एल अँड टी, पवई, आयआयटी, गांधीनगरपर्यंत आणि परत. मुलुंड-पवई रोज ये-जा करणाऱ्याची गाडी तपासायला त्याचाच रस्ता लागतो. आरेच्या रस्त्यावर झाडांच्या सावलीत फिरवून आणली असती तर ही गाडी नक्की पास झाली असती.

भर उन्हात ट्रॅफिक सरपटत होतं. गिअरबॉक्सकडचं व्होल्टेज १३.५ च्या खाली उतरलं नाही. पंप वेळेत चालू, वेळेत बंद. पहिला आजार गेला.

दुसरा आजार गांधीनगरच्या पुलाच्या चढावर भेटला. रस्ता मोकळा मिळाला तेव्हा मिस्त्रीला चौथ्या गिअरमध्ये दाबायला सांगितलं. लॅपटॉपवर दोन रेषा मी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या: इंजिनचे आरपीएम आणि क्लचच्या पलीकडे, गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या शाफ्टचे आरपीएम. क्लच पूर्ण पकडलेला असेल तर या दोन रेषा एकच दिसतात. तिथे इंजिनची रेषा सुटून चारशेने वर गेली. क्लच घसरतो आहे. तिसऱ्या गिअरमध्ये तेच केलं तर रेषा जवळजवळ चिकटून राहिल्या. या गिअरबॉक्समध्ये एक, तीन, पाच, सात हे गिअर पहिल्या क्लचवर असतात आणि दोन, चार, सहा व रिव्हर्स दुसऱ्यावर. म्हणजे दुसरा क्लच. दुसऱ्या गिअरची थरथर त्याचीच.

आणि तिसरी रेषा, टॉर्कची. कंपनीतून निघालेली गाडी २५० न्यूटन-मीटर देते, कारण या ड्राय क्लचची सहनशक्तीच तेवढी. लॅपटॉप ३१० दाखवत होता.

१.४५

डबा. पोळी, मेथी, कांदा. जेवताना पोरांनी विचारलं, दोन क्लच लागतातच कशाला. त्यांना सांगितलं ते इथेही सांगतो.

साध्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना इंजिन आणि चाकं क्षणभर वेगळी होतात, गाडी तेवढा वेळ नुसती घरंगळते. दोन क्लच असले की एक गिअर चालू असताना पुढचा आधीच टाकून ठेवलेला असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो, ओढ तुटत नाही. ही कल्पना फ्रान्सच्या आडॉल्फ केग्रेसने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर कागदावर मांडली होती. ती चालवायला लागणारा कॉम्प्युटर तेव्हा नव्हता. १९८० च्या दशकात पोर्शेने ती रेसच्या गाड्यांत आणली आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर-३२ मधून ती रस्त्यावरच्या विकाऊ गाडीत आली. तो पहिला गिअरबॉक्स सहा गिअरचा आणि त्याचे क्लच तेलात बुडालेले होते. साधारण सात लिटर तेल, कूलर, मोठ्या टॉर्कला टिकणारं काम. नंतर, २००८ च्या सुमारास, हलका आणि स्वस्त प्रकार आला: सात गिअर, कोरडे क्लच, गिअरला जेमतेम १.७ लिटर तेल. तेल घुसळण्यात ताकद वाया जात नाही, म्हणून मायलेज चांगलं. पण क्लचची उष्णता वाहून न्यायला तेल नाही, फक्त हवा. १२० च्या स्पीडने धावणाऱ्या हायवेवर त्याला काही त्रास नाही. साकीनाक्याच्या सिग्नलला दर चार सेकंदांनी दीड फूट पुढे सरकणाऱ्या गाडीत मात्र तो क्लच अर्धवट पकडलेलाच राहतो. घासतो, तापतो, पुन्हा घासतो.

हे जगभर झालं. मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये सरकारी टीव्हीवर बातमी झाल्यावर फोक्सवॅगनने ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल बदलून मिनरल तेल घालायचं जाहीर केलं. गरम आणि दमट हवेत त्या तेलामुळे विजेचे दोष येऊ शकत होते, आणि गरम व दमट म्हणजे आपण. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने फोर्डला ड्युअल क्लच गाड्यांच्या तक्रारी हाताळण्यावरून एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्या खटल्यातली एक बाब माझ्या मनात कायमची बसली आहे. गाडी थरथरते म्हणणाऱ्या ग्राहकांना, तुम्ही चालवताच चुकीची, असं सांगितलं जात होतं.

आमच्या या मालकालाही तेच ऐकवलं गेलं होतं. माणूस आठ वर्षं गाडी चालवतो, पैसे भरतो, रस्त्यात अडकून मागच्यांच्या शिव्या खातो, आणि वर चूक त्याचीच. माझ्या गॅरेजमध्ये मोजमाप हातात असल्याशिवाय हे वाक्य कुणी उच्चारायचं नाही, हा नियम आहे. टाटांनी २०२२ मध्ये अल्ट्रोझला ड्युअल क्लच दिला तेव्हा क्लच तेलातले निवडले. पुण्यात बनणाऱ्या गाडीने पुण्या-मुंबईच्या रस्त्याकडे बघून गिअरबॉक्स निवडला, याचं मला समाधान वाटतं.

३.००

मालक हाफ डे टाकून आला. आधी त्याला बोल्ट आणि कापलेली वायर दाखवली, मग लॅपटॉपवरच्या रेषा. टॉर्कचा आकडा बघून तो गप्प झाला.

"रिमॅप केलाय," तो म्हणाला. "पण काका, पहिला गिअरबॉक्स गेला तेव्हा नव्हता केलेला. पहिल्या रिपेअरनंतर केला. देवाशप्पथ."

माझा विश्वास बसला, कारण फळ्यावरचा क्रम तसाच होता: पहिल्या मेकॅट्रॉनिकनंतर पाठोपाठ टायर आणि ब्रेक पॅड. रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून टर्बोचं प्रेशर आणि इंधन वाढवणं. तासाभराचं काम, पार्ट एकही बदलावा लागत नाही, आणि गाडी खरंच वेगळी वाटते. तरुण माणसाला मोह होणार, मला तो समजतो. पण ज्याने ६० न्यूटन-मीटर वाढवून दिले त्याने हे साठ कुठून कुठे जाणार हे सांगायला हवं होतं. इंजिनाला ते पेलतात. टायरला पेलतात. मधल्या कोरड्या क्लचला पेलत नाहीत.

"पहिलं मेकॅट्रॉनिक रिमॅपने गेलं नाही," मी त्याला स्पष्ट सांगितलं. "दुसरंही नाही. ते दोन्ही या बोल्टने नेले. क्लच मात्र रिमॅपने आणि ट्रॅफिकने मिळून खाल्ला. तुमच्या ड्रायव्हिंगने नाही."

त्याने विचारलं, २८० वर आणून ठेवला तर? मी नाही म्हणालो. क्लचला २५० चा हिशेब आहे, त्याच्याशी घासाघीस करता येत नाही.

४.००

गिअरबॉक्स उतरवायला घेतला. सत्तर किलोच्या आसपास वजन, खाली ट्रान्समिशन जॅक, दोन्ही ॲक्सल बाहेर, सबफ्रेम सैल. हे काम घाईचं नाही आणि लिहायला फार काही नाही. हात काळे होतात आणि पाठ भरून येते. वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटला कागदी टेपवर नंबर घातला. क्लचची धूळ फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या कापडाने पुसायची, तोंडाला मास्क.

६.३०

क्लच बाहेर आला. वास आधी आला, जळक्या लायनिंगचा. दुसऱ्या क्लचच्या प्रेशर प्लेटवर निळे डाग, गोल फिरत गेलेले. लोखंड इतकं तापलं की त्याला नीळ चढली. लायनिंगवर आरशासारखी चकाकी. पहिल्या क्लचवर झीज आहे, पण किलोमीटरच्या मानाने रास्त. मालक अजून इथेच होता. त्याने प्लेट हातात घेतली, उलटसुलट केली, डागावरून अंगठा फिरवला. मघाची लॅपटॉपची रेषा त्याला आता जास्त पटली असावी. माझं नेहमी हेच म्हणणं असतं की जुना पार्ट ग्राहकाच्या हातात द्यावा. बिलावर विश्वास ठेवायला त्याला दुसरं साधन नसतं.

आम्ही फ्लायव्हील तपासलं, त्याचा खेळ मर्यादेत आहे. रिलीज फोर्कचे सांधे झिजलेत, ते किटबरोबर नवे येतात. गिअर ऑइलमध्ये चुंबक फिरवला, लोखंडाचे कण नाहीत. आतले बेअरिंग आणि फोर्क शाबूत असल्याची ती चांगली खूण.

७.१५

एस्टिमेट. क्लच किट ओरिजिनल, दोन्ही क्लच एकत्रच येतात. रिलीज फोर्क, नट-बोल्ट, तेल, मजुरी. रिमॅप काढून मूळ प्रोग्रॅम परत टाकणं, आणि ही अट आहे, पर्याय नाही. मेकॅट्रॉनिक: तेच ठेवायचं. ही शेवटची ओळ वाचून त्याने दोनदा विचारलं, खरंच? जो पार्ट दोनदा बदलला गेला तोच या वेळी बदलायचा नाही, हे त्याला पटायला वेळ लागणं साहजिक आहे. मी त्याला सकाळपासूनचे प्रेशरचे आकडे दाखवले.

मग ट्रॅफिकबद्दल बोललो, आरोप म्हणून नव्हे. समोरची गाडी हात-दोन हात सरकली की लगेच आपली सरकवायची नाही. एक गाडीभर जागा होऊ द्यायची आणि मग नीट पाय सोडून एकदाच पुढे जायचं. थांबलेलं असताना ब्रेक पूर्ण दाबून ठेवायचा, म्हणजे क्लच पूर्ण सुटतो. ब्रेक अर्धवट सोडून गाडी तरंगत ठेवली की तो घासत राहतो. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून उभं राहायचं नाही. आपल्याकडे मध्ये जागा सोडली की रिक्षा घुसते, हे मला ठाऊक आहे. घुसू द्यायची.

"आणि जोरात चालवायची असेल तर?" त्याने विचारलं. चालवा. मोकळ्या रस्त्यावर या गाडीला काही होत नाही, त्यासाठीच ती बनली आहे. ३१० न्यूटन-मीटरच हवे असतील, तर पुढची गाडी तेलातल्या क्लचची घ्या.

८.१०

पोरं गेली. जॉबकार्डवर मी आजचे सगळे आकडे लिहिले: आधीचे ०.९ व्होल्ट, नंतरचे ०.०६, कुठला बोल्ट, किती किलोमीटरला, कुठल्या गिअरमध्ये किती आरपीएमची घसरण. कार्डाची एक प्रत मालकाला, कारण पुढच्या वेळी गाडी माझ्याकडेच येईल असं नाही आणि दुसऱ्या मिस्त्रीला शून्यापासून सुरुवात करायला लागू नये. आयटीआयच्या पोराने जाताना विचारून अर्थिंगच्या बोल्टचा फोटो काढून घेतला.

भिवंडीच्या गोदामात फोन केला. किट सोमवारी पोहोचेल. मंगळवारी क्लच बसवायचा, शिम मोजून. बुधवारी सकाळी थंड गाडीवर बेसिक सेटिंग, बॅटरीला चार्जर लावून, मध्ये व्होल्टेज पडू न देता. आणि बुधवारीच संध्याकाळी सात वाजता मालकाला शेजारी बसवून जेव्हीएलआरवर पाऊण तास, लॅपटॉप चालू ठेवून.